एकच प्रकाश, तीन आकडे: पीडीएस ७० बी या ग्रहाच्या वायूचा हिशेब

विज्ञान दिनाच्या आदल्या दुपारी आमच्या प्रयोगशाळेत दोन विद्यार्थी एकमेकांशी बोलायचे थांबले होते. भित्तिपत्रक तयार होतं, रंग वाळले होते, फक्त मधल्या चौकटीत एक आकडा भरायचा राहिला होता. पीडीएस ७० बी हा तरुण ग्रह दर सेकंदाला किती वायू ओढून घेतो? तासगावचा मुलगा म्हणत होता ७५ कोटी टन. सांगलीच्या गावभागात राहणारी मुलगी म्हणत होती ७२० कोटी टन. दोघांनी सुरुवात एकाच मापापासून केली होती. मी दोघांच्या वह्या ओळ न ओळ तपासल्या. गुणाकार बरोबर, एककं बरोबर, घातांक बरोबर. उत्तरांत जवळजवळ दहापट फरक, आणि चूक कुठेच सापडेना.

हे प्रकरण मी सविस्तर लिहून ठेवते आहे. इतकी वर्षं भौतिकशास्त्र शिकवते, पण ‘मोजलं’ या एका शब्दात किती पायऱ्या दडलेल्या असतात हे मला त्या दुपारी जितकं स्वच्छ दिसलं तितकं कधी दिसलं नव्हतं.

ग्रह आणि त्याचा लाल ठिपका

पीडीएस ७० हा नरतुरंग तारकासमूहातला तारा, आपल्यापासून सुमारे ३७० प्रकाशवर्षं दूर. वय साधारण ५४ लाख वर्षं. आपल्या सूर्याचं ४६० कोटी, त्यामुळे हा तारा तान्हाच म्हणायचा. त्याच्याभोवती अजून वायू आणि धुळीची तबकडी आहे आणि तिच्या मधोमध मोठी पोकळी आहे. त्या पोकळीत २०१८ साली चिलीतल्या व्हीएलटी या महादुर्बिणीने बी हा ग्रह टिपला. सूर्यापासून युरेनस जितका लांब, साधारण तितकाच तो आपल्या ताऱ्यापासून लांब आहे. पुढच्या वर्षी त्याच्याही बाहेर सी हा दुसरा ग्रह सापडला. तो मुळात सापडलाच हायड्रोजनच्या लाल प्रकाशात, व्हीएलटीवरच्या म्यूज या उपकरणाने.

हा लाल प्रकाश म्हणजे एच-आल्फा रेषा, तरंगलांबी ६५६.३ नॅनोमीटर. तापलेल्या हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन तिसऱ्या पातळीवरून दुसऱ्या पातळीवर उतरला की हा रंग निघतो. एखाद्या नुसत्या गरम ग्रहाकडून हा रंग असा उठून येत नाही. त्यासाठी हायड्रोजन हजारो अंशांपर्यंत तापावा लागतो, आणि तरुण ग्रहाजवळ तो तापतो वरून कोसळल्यामुळे. म्हणून एच-आल्फा दिसली की वायू पडतो आहे असं समजतात.

समजणं सोपं, पाहणं फार अवघड. बी आणि त्याचा तारा यांच्यातलं कोनीय अंतर सुमारे ०.१८ विकला आहे. मुलाने हे समजावायला छान माप शोधलं होतं: त्याच्या तासगावच्या घराच्या गच्चीवर कुणी रुपयाचं नाणं धरलं, तर सांगलीतून त्या नाण्याची रुंदी साधारण एवढीच दिसेल. नाण्याच्या एका कडेला तारा, दुसऱ्या कडेला ग्रह. तारा स्वतःही वायू ओढतो आहे, म्हणजे त्याचीही एच-आल्फा आहेच. मग एच-आल्फाच्या रंगातलं चित्र घ्यायचं, शेजारच्या रंगातलं घ्यायचं, नीट बेतून एकातून दुसरं वजा करायचं, आणि उरतं ते ग्रहाचं. या वजाबाकीत फसगत होऊ शकते. एलकेसीए १५ या ताऱ्याजवळ २०१५ साली असाच वायू ओढणारा ग्रह दिसल्याचं जाहीर झालं होतं. २०१९ च्या निरीक्षणांत तिथला बराचसा उजेड तबकडीच्या आतल्या भागाचा असल्याचं दिसलं. पीडीएस ७० चे दोन्ही ग्रह मात्र वेगवेगळ्या दुर्बिणींनी, वेगवेगळ्या पद्धतींनी पुन्हा पुन्हा टिपले आहेत. म्हणून प्रकल्पासाठी मी हाच तारा सुचवला होता.

मुलांनी वापरलेलं माप हबल दुर्बिणीचं, २०२० च्या निरीक्षणांतलं. बी कडून येणारा एच-आल्फा प्रकाश पृथ्वीजवळ दर चौरस मीटरला १.६ × १०⁻¹⁸ वॅट. हबलचा आरसा २.४ मीटरचा, म्हणजे त्यावर या रंगाचे सेकंदाला वीसेक प्रकाशकण पडतात. वीस कणांवरून कोट्यवधी टनांचा हिशेब करायचा!

कोयनेचा हिशेब

पहिली पायरी निर्विवाद होती. ३७० प्रकाशवर्षांवरून इतका प्रकाश येतो तर ग्रहाजवळ तो किती, हे गोलाच्या पृष्ठफळावरून निघतं. उत्तर: सूर्याच्या एकूण तेजाच्या सुमारे दीड लाखाव्या भागाचाही दहावा भाग, नेमकं सांगायचं तर ६.५ × १०⁻⁷ पट. दोघांच्या वह्यांत हाच आकडा.

शेवटची पायरीही दोघांची सारखी होती, आणि ती मी वर्गात कोयनेच्या उदाहरणाने शिकवली होती. कोयनेच्या चौथ्या टप्प्यात पाणी सुमारे ५०० मीटर खाली पडतं आणि क्षमता १,००० मेगावॅट. गळती-घर्षण सोडून दिलं तर एक युनिट वीज काढायला साधारण साडेसातशे लिटर पाणी खाली सोडावं लागतं. म्हणजे वीज किती निघाली आणि पाणी किती उंचीवरून पडलं हे ठाऊक असेल, तर पाणी किती सोडलं ते कुणी न सांगताही कळतं. ग्रहाचं तसंच. उंचीच्या जागी ग्रहाचं वस्तुमान भागिले त्रिज्या, विजेच्या जागी पडणाऱ्या वायूची एकूण ऊर्जा.

दोघांनी बी चं वस्तुमान ४ गुरू (म्हणजे गुरू ग्रहाच्या चौपट) आणि त्रिज्या २ गुरू (दुप्पट) धरली होती. वायू ग्रहाच्या पाच त्रिज्यांवरून पडायला लागतो असं धरायची पद्धत आहे, तीही पाळली. त्या हिशेबाने एक किलो वायू ग्रहावर आदळताना ८०० युनिट ऊर्जा देतो. कोयनेत एका युनिटला साडेसातशे किलो पाणी, इथे एका किलोत ८०० युनिट! आदळण्याचा वेग सेकंदाला ७६ किलोमीटर. सांगलीहून कराडला पोचायला एक सेकंद.

मग फरक पडला कुठे? मधल्या पायरीवर. आपल्याला दिसतो तो फक्त एक रंग, आणि हवी आहे पडणाऱ्या वायूची सगळी ऊर्जा. एच-आल्फावरून एकूण ऊर्जा काढायला एक सूत्र लागतं. मुलाने घेतलं होतं २०१७ साली ल्युपस भागातल्या तरुण ताऱ्यांवरून बसवलेलं सूत्र. मुलीने घेतलं होतं आओयामा आणि सहकाऱ्यांनी २०२१ साली खास ग्रहांसाठी गणिताने काढलेलं. तीच एच-आल्फा पहिल्या सूत्रात घातली की एकूण ऊर्जा सूर्याच्या ५.६ × १०⁻⁶ पट येते, दुसऱ्यात ५.४ × १०⁻⁵ पट.

७५ कोटी टन की ७२० कोटी हा सव्वाशेर कमी-जास्तीचा प्रश्न नव्हे, हे मुलांना कळावं म्हणून मी फळ्यावर कोयना धरणच मांडलं. धरणाची क्षमता १०५ टीएमसी, म्हणजे सुमारे ३०० कोटी टन पाणी. मुलाच्या हिशेबाने बी चार सेकंदांत एक कोयना भरतो. मुलीच्या हिशेबाने एका सेकंदात दोन कोयना भरून वर आणखी काही उरतं.

खरा फरक याहून मोठा आहे. मुलाच्या दराने एक गुरू जमायला ८ कोटी वर्षं लागतील. ताऱ्याचं वय ५४ लाख वर्षं, आणि अशा तबकड्या साधारण एक कोटी वर्षांच्या आत विरून जातात. म्हणजे मुलाचा आकडा खरा असेल तर बी ची वाढ जवळपास संपली. तो आयुष्यात कधीतरी याच्या कित्येक पट वेगाने वाढला असला पाहिजे, आणि आज आपण पाहतोय ते ताटातले शेवटचे घास. मुलीच्या दराने एक गुरू ८० लाख वर्षांत जमतो. मग बी अजून जेवतोय. दोन आकड्यांतून ग्रहाच्या जन्माच्या दोन वेगळ्या कहाण्या निघतात.

अण्णांचा प्रश्न

संध्याकाळी मुलीला न्यायला तिचे वडील आले. ते नोकरीत असताना नदीची पातळी वाचायचं काम करत. पुराच्या दिवसांत रात्रभर दर तासाला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा त्यांचं स्वतःचं घर पाण्यात होतं आणि ते कामावर होते. भांडण काय ते त्यांनी विचारलं. मुलीने सांगितलं, “अण्णा, उजेड दोघांचा सारखाच आहे, पण त्यावरनं वायू किती ते दोघांचं वेगळं येतंय.”

ते म्हणाले, “तक्ता कुठला लावला?”

मग ते बाकावर बसले आणि आम्हाला तिघांना नदी समजावून सांगितली. आयर्विनला ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, हे सांगलीत शाळेतलं पोरही सांगतं. पण फूट म्हणजे विसर्ग नव्हे. पट्टीवर दिसते ती पातळी. त्या पातळीवरून क्युसेक काढायला तक्ता लागतो, आणि तो तक्ता त्याच जागी, पात्रात प्रत्यक्ष वेग मोजून बसवलेला असतो. दुसऱ्या गावचा तक्ता इथे लावला तर उत्तर येतं, पण ते आपल्या नदीचं नसतं. आपल्या जागचा तक्तासुद्धा कायम चालत नाही. खालून फुगवटा आला की पाणी तुंबतं. पातळी तीच, वाहणं कमी. पाणी चढताना आणि उतरताना एकाच फुटाला विसर्ग निराळा. आणि तक्ता बसवला ४० फुटांपर्यंतच्या मोजणीवर, पाणी चढलं ५५ ला, तर वरचं सगळं रेघ पुढे ओढून काढलेलं.

“मॅडम, फूट डोळ्यांना दिसतंय. क्युसेक कुठल्या तक्त्यातनं आला ते आधी सांगायचं, मग आकडा,” ते म्हणाले.

मला हे सगळं ठाऊक होतं असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. सूत्राच्या मर्यादा मी वाचल्या होत्या, पण वर्गात सूत्र देताना ते कुठे बसवलं गेलं हे सांगायचं मी सोडून दिलं होतं. मुलांनी जे केलं ते माझ्या शिकवण्यातूनच आलेलं होतं.

आता त्यांच्याच भाषेत पाहिलं तर सगळं उलगडलं. मुलाचा तक्ता दुसऱ्या नदीचा होता. ताऱ्यावर वायू सेकंदाला शेकडो किलोमीटर वेगाने आदळतो. आदळण्याच्या जागी तापमान इतकं वाढतं की तिथला प्रकाश मुख्यतः अतिनील आणि त्याही पलीकडचा. ताऱ्याची एच-आल्फा बरीचशी येते ती चुंबकीय क्षेत्राच्या नळ्यांतून खाली येणाऱ्या वायूतून. ग्रहावर वेग कमी, नळ्या असतील की नाही हेही ठरलेलं नाही, आणि रेषा आदळण्याच्या जागेवरच तयार होत असेल तर एच-आल्फाचा वाटा साफ वेगळा पडतो. शिवाय ग्रहाचं तेज ताऱ्यांच्या त्या सूत्राच्या अगदी तळाच्या टोकाशी येतं, जिथे रेघ पुढे ओढावी लागते. मुलीचा तक्ता याच नदीसाठी होता खरा, पण तो कागदावर काढलेला. नदीत उतरून वेग मोजून बसवलेला नव्हे.

तिसरा आकडा

इथे मुलाने योग्य प्रश्न विचारला: नदीत उतरून मोजायची काही सोय नाही का?

थोडी आहे. हबलने त्याच निरीक्षणांत बी चं अतिनील चित्रही घेतलं होतं. आदळण्याच्या जागेचा तापलेला वायू अतिनीलमध्ये थेट दिसतो, मग एकाच रेषेवर सगळा भार टाकावा लागत नाही. दोन्ही मिळून ऊर्जा काढली तर एच-आल्फाचा वाटा ३६ टक्के निघाला. ताऱ्यांच्या मानाने हा फारच मोठा वाटा. मुलीच्या सूत्रात हाच वाटा जेमतेम सव्वा टक्का धरला जातो.

मुलांनी ३६ टक्के धरून हिशेब केला. उत्तर आलं सेकंदाला २४ कोटी टन. तिसराच आकडा, दोघांहून लहान, आणि मुलीच्या आकड्याच्या तिसाव्या भागाइतका.

मग आणखी एक अडलं. हबलच्या शोधनिबंधातला दर वर्षाला १.४ × १०⁻⁸ गुरू, आणि मुलांचा त्याच पद्धतीचा आकडा ४ × १०⁻⁹. साडेतीनपट फरक. अर्धा तास आम्ही चूक शोधत राहिलो. शेवटी मुलीने वस्तुमान ४ ऐवजी १ गुरू आणि त्रिज्या पावणेदोन गुरू घालून पाहिली, आणि आकडा जुळला. हा या प्रकरणातला माझ्या मते सगळ्यात शिकण्याजोगा क्षण. प्रकाशातून वायूचा दर एकटा मिळतच नाही. मिळतो तो दर गुणिले वस्तुमान भागिले त्रिज्या. हलका ग्रह भरपूर वायू ओढत असेल किंवा जड ग्रह थोडा, प्रकाश तोच. धरणाची उंची न सांगता नुसत्या विजेवरून पाणी विचारण्यासारखं हे आहे. आणि बी चं वस्तुमान अजून पक्कं नाही. त्याचे बहुतेक अंदाज ग्रहाच्या तेजावरून आणि रंगावरूनच काढलेले आहेत.

धुळीचा प्रश्न यावर आणखी. ग्रहाभोवती धूळ असेल तर येणारा प्रकाशच कमी झालेला असतो. २०२० साली म्यूजच्याच नोंदींतून एका गटाने हायड्रोजनची निळसर रेषा, एच-बीटा, शोधली. ती दिसलीच नाही. धूळ लालपेक्षा निळा प्रकाश जास्त अडवते. त्यावरून त्यांनी अनुमान काढलं की बी ची एच-आल्फासुद्धा धुळीने निदान सहापट मंदावली असावी. तसं असेल तर आमचे तिन्ही आकडे साधारण सहापटीने किंवा त्याहून वर जातात. पण मुलीने लगेच विचारलं: एवढी धूळ आहे तर निळ्याच्याही पलीकडचा अतिनील प्रकाश हबलपर्यंत पोचला कसा? प्रश्न अचूक होता. वायू एकाच जागी पडत नसेल, दोन्ही प्रकाश वेगवेगळ्या जागांहून येत असतील, किंवा एच-बीटावरून धूळ मोजायचा तो तक्ताही दुसऱ्या नदीचा असेल. मी तिला हे तिन्ही पर्याय सांगितले आणि कुठलाही एक निवडला नाही.

चौकटीत काय लिहिलं

रात्री आठ वाजले होते. मुलाचं म्हणणं, हबलचा छापलेला आकडा लिहावा, तो प्रसिद्ध झालेला आहे. मुलीचं म्हणणं, सरासरी काढावी. सरासरीला मी स्पष्ट नकार दिला. तीन वेगवेगळ्या गृहीतांची सरासरी म्हणजे कुठल्याच गृहीताचं उत्तर नव्हे. छापील आकड्यालाही नाही म्हटलं, कारण त्यातलं वस्तुमान आमच्या पत्रकावरच्या बाकीच्या आकड्यांशी जुळत नव्हतं, आणि न जुळणाऱ्या गोष्टी शेजारी शेजारी लिहिल्या की वाचणारा फसतो.

शेवटी चौकट मोठी केली. वर लिहिलं: “प्रकाश मोजलेला, २०२०.” खाली: “ग्रह ४ गुरूंइतका धरून, धूळ नाही असं मानून.” आणि त्याखाली तीन ओळी. दिसलेला लाल आणि अतिनील प्रकाश मिळून: २४ कोटी टन. ताऱ्यांचा तक्ता लावून: ७५ कोटी टन. ग्रहांसाठी काढलेला तक्ता लावून: ७२० कोटी टन. पत्रक आधीइतकं देखणं राहिलं नाही. दुसऱ्या दिवशी एका पाहुण्यांनी “यातला खरा कुठला?” असं विचारलं, तेव्हा मुलाने त्यांना फूट आणि क्युसेक समजावून सांगायला सुरुवात केली, आणि सांगलीकर पाहुण्यांना ते तिसऱ्या वाक्याला कळलं.

वर्ष लिहायचा आग्रह माझा होता, आणि तो योग्य होता हे नंतर मुलीनेच दाखवलं. हबलच्या २०२० च्या पाच महिन्यांत बी च्या एच-आल्फात फारशी चढउतार दिसली नव्हती. पण मॅगेलन दुर्बिणीच्या २०२२ ते २०२४ च्या निरीक्षणांत बी कित्येक पटींनी मंदावलेला आणि सी दुपटीहून अधिक उजळलेला दिसला. २०२५ मध्ये तर ‘चा ११०७-७६२६’ (Cha 1107-7626) नावाच्या, ताऱ्याविना भटकणाऱ्या ग्रहावर वायूचा लोंढाच आला. ऑगस्टमध्ये दर काही महिन्यांपूर्वीच्या आठपट झाला, सेकंदाला ६०० कोटी टन. तरुण ग्रह अशा लोंढ्यांतच मोठे होत असतील तर एका दिवसाच्या प्रकाशावरून त्यांची वाढ ठरवणं म्हणजे उन्हाळ्यातल्या कृष्णेवरून पुराचा अंदाज बांधणं.

मार्चमध्ये मुलीने नव्या नोंदींवरून तिन्ही ओळी पुन्हा काढल्या. ओळींमधलं अंतर साधारण तसंच राहिलं, पण बी च्या तिन्ही खाली सरकल्या. वही घेऊन ती घरी गेली, आणि दुसऱ्या दिवशी तिने सांगितलं की अण्णांनी चष्मा लावून सगळे आकडे पाहिले आणि एवढंच विचारलं, “म्हणजे पाणी उतरतंय?”

ती म्हणाली, “बी चं उतरतंय अण्णा. सी चं चढतंय.”